हिरव्या नळीतलं पाणी

बोरजाईवाडीच्या शाळेतला टीव्ही पाहून स्वप्ना बनसोडे आधी नुसती त्याच्याभोवती फिरली. सांगलीत तिच्या दुकानात रोज चार-पाच टीव्ही यायचे, पण असा एकही आला नव्हता. छातीइतका उंच, कपाटासारखा रुंद, आणि पडदा एवढा मोठा की सगळी शाळा एका वेळी बघू शकेल. नानासो जगतापांनी जहाजावरची नोकरी संपवून येताना तो दुबईहून आणला होता. घराच्या दारातून आत शिरेना, म्हणून शाळेला देऊन टाकला होता.

"आज रविवार. परवा मंगळवारी सकाळी सूर्यग्रहण," मुख्याध्यापिका चारुशीलाबाई म्हणाल्या. "राजस्थानात खग्रास आहे, आपल्याकडे अर्धवटच, आणि दूरदर्शन ते थेट दाखवणार आहे. इथले लोक ग्रहणात दारं-खिडक्या लावून बसतात. मी पाच वस्त्यांवर सांगून आलेय, उजाडताच शाळेत या, टीव्हीवर दाखवते. आणि हा आठ दिवसांपूर्वी बंद पडला."

चारुशीलाबाईंचं माहेर सांगलीचं. त्यांच्या वडिलांचा टीव्ही स्वप्नाने दोनदा दुरुस्त केला होता, म्हणून त्यांनी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून तिला फोन लावला. दिवाळीच्या तोंडावर दुकानात काम साचलं होतं. पण मागच्या बाजूने पडद्यावर चित्र फेकणारा टीव्ही, एवढं ऐकल्यावर स्वप्नाला राहवेना. तिने हत्यारांची पिशवी उचलली आणि विटा, मायणी करत दहिवडीची एसटी धरली.

"पुण्याहून माणूस येऊन गेला," नानासो म्हणाले. "त्यानं सांगितलं, आत पाणी गेलंय, बोर्ड जळलाय, भंगारात घाला. आणि पाणी कुणी घातलं ते मला ठाऊक आहे."

हे बोलताना त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या नाथाजीकडे पाहिलं. नाथाजी शाळेचा शिपाई. फरशी पुसताना त्याने टीव्हीच्या डोक्यावर कळशी ठेवलेली नानासोंनी एकदा पाहिली होती. हा आळ आल्यापासून नाथाजी टीव्हीच्या हॉलचा उंबरा ओलांडत नव्हता.

"एकदाच ठिवली हुती, बाई," तो स्वप्नाला म्हणाला. "पर थेंब सांडला न्हाई."

स्वप्नाने मागची फळी काढली. आत धूळ, जाडजूड वायरी, वर तिरका बसवलेला आरसा आणि खाली ओळीने तीन पिक्चर ट्यूब. लाल, हिरवी, निळी. तिने आधी स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून ट्यूबमध्ये साठून राहिलेली वीज जमिनीत उतरवली. मग टॉर्च खाली धरली. तळाचा बोर्ड चिकट झाला होता, आणि एका कोपऱ्यात कोळशासारखा काळा.

तिने चिंधीने तो ओलावा टिपला आणि दोन बोटांत चोळून पाहिला.

"नानासो, हे पाणी नाही," ती म्हणाली. "पाणी असतं तर आठ दिवसांत वाळून गेलं असतं. हे तेलासारखं बुळबुळीत आहे."

"मग उंदीर?"

"थांबा जरा."

तिने टॉर्च एकेका ट्यूबवर धरली. प्रत्येक ट्यूबच्या तोंडावर जाड भिंग होतं, आणि काच व भिंग यांच्या मधे छोटीशी पेटी. लाल ट्यूबची पेटी द्रवाने काठोकाठ भरलेली. निळीचीही. मधल्या हिरव्या ट्यूबच्या पेटीत मात्र निम्म्यावर आडवी रेघ दिसत होती. रेघेच्या खाली द्रव, वर नुसती हवा. पेटीचं रबरी कडं एके ठिकाणी तडकलं होतं, आणि त्या तड्यातून एक थेंब नुकताच सुटू पाहत होता.

पुण्याच्या माणसाने बहुधा फळी काढून जळका बोर्ड पाहिला आणि तिथेच हात झटकले. वर बघितलंच नव्हतं.

शाळेसमोर आकारामचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. तो हात पुसत येऊन मागे कधी उभा राहिला ते कुणाला कळलंच नाही. "आमच्या पाणबुड्या मोटरीतबी पाणी भरावं लागतंय की," तो म्हणाला. "न्हाई भरलं तर मोटर तापून जळती. ह्येबी तसंच हाय का?"

"अगदी तसंच," स्वप्ना वळून म्हणाली. "ट्यूब तापू नये म्हणून द्रव भरलाय. कडं फुटलं, द्रव गळून बोर्डावर आला, आणि वीज नको तिथून धावली. कळशीचा काही संबंध नाही, नानासो. ही गळती आतलीच आहे."

नानासोंनी वाकून टॉर्चच्या उजेडात ती आडवी रेघ पाहिली. मग ते दाराशी गेले. "नाथाजी, माझं चुकलं," ते म्हणाले. "आत ये. तू धर टॉर्च."

नाथाजी आत आला. त्याने टॉर्च दोन्ही हातांनी धरली, आणि उजेड जागेवरून हलला नाही.

त्या दुपारी स्वप्नाने बोर्ड बाहेर काढला आणि टूथब्रश, स्पिरिट घेऊन बसली. चिकटा निघाल्यावर खरं नुकसान दिसलं. तीन रेझिस्टन्स जळाले होते आणि तांब्याची एक पट्टी मधेच खाल्ली गेली होती. रेझिस्टन्स पिशवीत होते. पट्टीच्या जागी तिने बारीक तार जोडून कथलाचे डाग दिले. मुक्काम नाथाजीच्या घरी होता. त्याची बायको भामाबाई गरम भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पोरी, गराण बगायचं नसतंय. माझ्या सासूनं कवाच बगितलं न्हाई, मीबी न्हाई." स्वप्ना म्हणाली, "आभाळात नका बघू, मावशी. टीव्हीत बघायला काय हरकत आहे?" भामाबाईने तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

सोमवारी लक्ष्मीपूजन. आकाराम सकाळीच पंपांच्या रबरी ओ-रिंगा डबाभर घेऊन आला. एक मोठी, एक जाड, एक पातळ, असं करत सोळावी रिंग पेटीच्या खाचेत नेमकी बसली. आता द्रव. कंपनीचा मागवायचा तर महिना गेला असता. स्वप्नाला गाळ नसलेलं, काचेसारखं स्वच्छ, लवकर न उकळणारं काहीतरी हवं होतं. नानासो मोटरसायकलवरून दहिवडीला गेले आणि औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनच्या सगळ्या बाटल्या घेऊन आले.

"दुकानदार विचारत होता, थंडीत ओठांना लावायला एवढं?" नानासो म्हणाले. आठ दिवसांत ते पहिल्यांदा हसत होते.

ग्लिसरीनमध्ये बॅटरीचं शुद्ध पाणी मिसळून स्वप्नाने ते चुलीवर कोमट केलं, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबली, आणि सुईसारख्या बारीक धारेने पेटीत सोडलं. एक तास सगळे रबरी कड्याकडे बघत बसले. थेंब आला नाही.

उन्हं कलताना तिने बटण दाबलं. रंग जुळवायची पांढरी फुली पडद्यावर एकच यायला हवी, तिथे तीन उमटल्या. एक लाल, एक हिरवी, एक निळी, एकमेकींपासून वीतभर लांब. चारुशीलाबाईंचा चेहरा पडला.

"घाबरू नका, बाई. तिघीही जिवंत आहेत," स्वप्ना म्हणाली. "आता त्यांना एका जागी आणायचं."

ती पेचकस फिरवत राहिली आणि आकाराम पडद्यासमोरून सांगत राहिला. "डावीकडं. अजून थोडी. लय झालं, मागं घ्या. आता हिरवी वर." लाल निळीवर बसली आणि जांभळी झाली. मग हिरवी हळूच सरकत आली, जांभळीला टेकली, आणि पडद्यावर एकच लख्ख पांढरी फुली उभी राहिली. आकारामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मंगळवारी सातच्या आत हॉल भरला. वस्त्यांवरून बाया पोरं कडेवर घेऊन आल्या, म्हातारे घोंगडी घेऊन आले. भामाबाई दाराजवळच्या भिंतीला टेकून बसली. टीव्ही लागला, सूर्य दिसला, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक काळपट गोल ठिपका.

"लागलं गराण," कुणीतरी म्हणालं. दोन-चार जणींनी हात जोडले.

स्वप्ना पडद्याजवळ गेली. निवेदक तर अजून ग्रहण सुरू व्हायला वेळ असल्याचं सांगत होता. हा हवेचा बुडबुडा होता. रात्रभर द्रव स्थिरावताना कुठून तरी सुटला होता.

"गराण न्हाई, बुडबुडा हाय," तिने मोठ्याने सांगितलं आणि टीव्ही बंद केला. "पाच मिनिटं द्या मला."

हॉलमध्ये हसू फुटलं. तिने आतली वीज उतरवली, पेटीच्या वरचा स्क्रू सैल केला. नाथाजीने टॉर्च धरली, आकारामने ट्यूबची चौकट तिरकी केली, आणि स्वप्नाने बोटाने हलके हलके टिचक्या मारल्या. बुडबुडा कडेला लागला, थबकला, मग वर सरकून नाहीसा झाला. रिकाम्या जागी तिने पिचकारीने ग्लिसरीन भरलं आणि स्क्रू आवळला.

टीव्ही पुन्हा लागला तेव्हा सूर्याला खरोखरच एका बाजूने चावा बसला होता.

साडेआठच्या सुमारास सूर्याची नुसती कोर उरली, मग तीही विझली. एका क्षणी काळ्या गोलाच्या काठावर हिऱ्यासारखा एकच प्रकाशाचा थेंब चमकला, आणि मग भोवती रुपेरी प्रभा पसरली. एवढं मोठं, एवढं जवळ, की पहिल्या ओळीतली पोरं मागे सरकली. नानासो उभे राहिले. त्यांनी अनेक समुद्र पाहिले होते, पण हे पाहिलं नव्हतं. भामाबाईच्या तोंडून फक्त "आई गं" एवढं निघालं. स्वप्ना टीव्हीच्या मागे उभी होती. पडदा तिला दिसतच नव्हता. समोरच्या शेकडो चेहऱ्यांवर तो उजेड मावळताना आणि पुन्हा उगवताना तिने पाहिला.

ग्लिसरीनने चिकट झालेले हात धुवायला ती बाहेर आली. ऊन विचित्र मऊ पडलं होतं. अंगणातल्या कडुलिंबाखालून जाताना ती थबकली. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे कवडसे रोजच्यासारखे गोल नव्हते. पानांतली प्रत्येक फट अर्धवट झाकलेला सूर्यच खाली उतरवत होती. जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पसरल्या होत्या, आणि वारा आला की सगळ्या मिळून हलत होत्या.

तिने चिकट हातांनीच हॉलचं दार ढकललं.

"बाई, सगळ्यांना बाहेर घेऊन या. वर कुणी बघायचं नाही. खाली, झाडाखाली बघा."

पोरं धावली. मोठी माणसं उंबऱ्याशी घुटमळली. नाथाजी पुढे झाला, त्याच्या मागे आकाराम, नानासो. भामाबाई सगळ्यांत शेवटी आली. लिंबाखाली उभी राहून तिने मान खाली घातली, पदर दोन्ही हातांनी पसरला, आणि हिरव्या लुगड्यावर पडलेल्या त्या कोरी ती एक-एक करून मोजू लागली.