सॅम्पलपुरतं औषध

दिग्रसपासून थोडं दूर, माळावर, डांबर आणि गिट्टी गरम करून मिसळणारा एक प्लांट होता. त्याच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीवर 'प्रयोगशाळा' अशी पाटी होती आणि त्या खोलीत संघदीप गेली सहा वर्षं बसत होता. बाभुळगावच्या त्याच्या वस्तीतला तो रसायनशास्त्राचा पहिला पदवीधर. याचा त्याला अभिमान होता, आणि असायलाच हवा.

त्या बुधवारी मात्र सकाळपासून त्याचा जीव एका जागी लागत नव्हता. गुरुवारी बांधकाम खात्याच्या इंजिनिअर मॅडम नमुना न्यायला येणार होत्या. म्हणजे 'सॅम्पलची बॅच' काढायची होती. तुम्ही म्हणाल, त्यात अवघड काय? अवघड काहीच नाही, तेच तर दुखणं!

गोष्ट अशी आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. पावसाचं पाणी फटीतून आत शिरलं की दगडावरचं डांबर सुटतं, गिट्टी मोकळी होते आणि रस्त्याची चाळण होते. रसायनाच्या जाणकारांनी यावर औषध शोधून काढलं. टनभर डांबरात ते जेमतेम लिटरभर टाकायचं, की डांबर दगडाला असं धरून बसतं की पाण्याला दाद देत नाही. केवढी बुद्धी आणि किती वर्षांची खटपट त्या लिटरभर औषधात आहे! आणि आपण त्याचं काय करतो? ड्रम शेडमध्ये ठेवतो, वर ताडपत्री टाकतो आणि साहेब यायच्या दिवशी तेवढं काढतो.

प्लांटचे मॅनेजर बबनराव याला 'सॅम्पलपुरतं' म्हणत. माणूस वाईट नव्हता. मजुराच्या घरी लग्न असलं तर अक्षता टाकायला हा गडी सगळ्यांच्या आधी हजर. पण औषध महाग, प्लांटच्या मालक शेठचा हात आखडता, आणि 'सगळेच तसं करतात' हे वाक्य बबनरावांच्या जिभेवर कायम तयार.

संघदीपचंही एक वाक्य होतं. "माझा रिपोर्ट कुठे खोटा आहे? टेबलावर येईल तो नमुना मी इमानदारीनं तपासतो." हे तो स्वतःशी दिवसातून दहा वेळा म्हणायचा. खरं असतं तर एकदाच म्हणून भागलं असतं.

दुपारी रिकाम्या टिप्परमध्ये बसून सुखीबाई साइटवरून आली. रस्त्यावर माल पसरवणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. वीस वर्षं तिने फावड्याने गरम डांबर ओढलं होतं. सध्या काम चालू होतं ते तिच्याच तांड्याच्या रस्त्यावर. तिने जेवणाचे दोन डबे संघदीपच्या टेबलावर ठेवले.

"हे काय, मावशी? जेवण?"

"उघडून तं पाहा, भाऊ."

संघदीपने झाकणं काढली. दोन्ही डब्यांत पाणी होतं आणि पाण्यात डांबराची गिट्टी.

"गिट्टी पाण्यात ठेवून पाहाचं काम तुमी करता ना? मी कितीक डाव पाह्यलं या खिडकीतून. म्हटलं, आपणबी करून पाहू."

पहिल्या डब्यातली गिट्टी काळीभोर होती. दुसऱ्या डब्यात पाण्यावर तेलकट तवंग आला होता आणि तळाशी खडे जागोजाग उघडे पडले होते. राखाडी, नागडे खडे.

"हा पयला मागच्या गुरुवारचा, मॅडम आल्त्या त्या दिवशीच्या पयल्या गाडीतला," सुखीबाई बोट ठेवून सांगू लागली. "हा दुसरा परवाचा. दोन्ही आमच्याच रस्त्यावरचे."

"पण दोन दिवसांचा माल वेगळा आहे, हे तुम्हाला कळलं कसं?"

"नाकानं! मॅडम येते त्या दिवशी पयली गाडी वासते, सुक्या मासोळीवानी. बाकीच्या गाड्यायले काहीच वास नाही. मले सांगा, असं काहून?"

संघदीपची कानशिलं गरम झाली. सॅम्पलच्या बॅचमधला उरलेला माल पहिल्याच गाडीत जायचा. या औषधाला तसा वास येतो हे त्याने कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. तोच हिशेब या बाईने धुरात उभं राहून जमवला होता.

"मावशी, माझा रिपोर्ट खोटा नसतो," तो घाईघाईने म्हणाला. "माझ्याकडे आलेला नमुना खरंच पास होतो."

"तुमी शेतकऱ्याच्या मुलखातले, मले एक सांगा. सोयाबीन पेराच्या आंधी उगवण पाहाले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो का नाही आपण? ते दाणे कोणत्या पोत्यातले घेतो? जे पेराचं हाय त्याच पोत्यातले ना? का शेजाऱ्याच्या पोत्यातले चांगले दाणे उगवून पाह्यतो आन् आपलं किडकं पेरतो?"

संघदीपने दुसऱ्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

"माझ्या हातात काय आहे, मावशी? औषध टाकायचं की नाही ते बबनराव ठरवतात."

"औषध त्यायच्या हाती हाय. सही कोणाच्या हाती हाय?"

सुखीबाईने पदराने तोंड पुसलं. मग ती हळू आवाजात बोलली, "दोन सालाआंधी हा रस्ता झाल्ता. एका पावसात गेला. एसटी बंद झाली. माही नात, खुशी, औंदा जूनले आठवीत जाते. सडकेपर्यंत चार किलोमीटर पायी जाते, तिथून बस धरते. छोरीचा बाप म्हणते, औंदा रस्ता टिकला आन् बस आली तं नववी, नाहीतं शाळा बंद. म्या त्याले सांगतलं, औंदा रस्ता मी सोता करून राह्यली, टिकनच. आता त्याले काय सांगू?"

एक डबा तिने परत पिशवीत घातला. नागड्या खड्यांचा डबा टेबलावरच ठेवला आणि ती निघून गेली.

संघदीपने स्वतःचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. खोलीत चार येरझाऱ्या घातल्या. रिपोर्टची फाइल काढली, ठेवली, पुन्हा काढली. प्रत्येक पानावर 'समाधानकारक' आणि खाली त्याची वळणदार सही. शेवटी तो उठून बबनरावांच्या केबिनमध्ये गेला आणि तांड्याच्या रस्त्याला तरी रोज औषध टाकू या, असं म्हणाला.

"अबे, एका बाईच्या डब्यावरून सरकारी कामं चालतात का?" बबनराव हसले. मग त्यांचं हसू मावळलं. "हे पाह्य, संघदीप, उद्या बॅच काढ, सही कर आन् मोकळा हो. नाहीतं दुसरा बी.एस्सी.वाला आणतो मी. दिग्रसच्या बसस्टँडवर ढिगानं उभे हायेत."

मोकळा हो! संध्याकाळपर्यंत तो शब्द संघदीपच्या डोक्यात खिळ्यासारखा टोचत राहिला. नोकरी गेली तर घर कसं चालवायचं? आणि सही केली तर त्या पोरीच्या शाळेवर आपणच फुली मारतोय, हे कसं विसरायचं? घरी पत्नीने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. त्याने दोन्ही वेळा काही नाही म्हटलं आणि दोन्ही वेळा तिचा विश्वास बसला नाही.

गुरुवारी अकराला प्रियंका मॅडम आल्या. कूलरसमोर बसल्या, चहा आला. औषध टाकलेल्या बॅचचा ट्रे सकाळीच फडक्याखाली झाकून ठेवला होता.

"संघदीप, मॅडमचा नमुना आण," बबनरावांनी आवाज दिला.

त्याने ट्रे उचलला. दारातून बाहेरचा टिप्पर दिसत होता. तांड्याच्या रस्त्यासाठी त्यात माल पडत होता, नुसतं डांबर आणि गिट्टी. त्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला पंजा दाबून धरला.

"मॅडम, हा नमुना नेऊ नका!"

"का? पास होणार नाही?"

"पास होईल! हा दर वेळी पास होतो. पण रस्त्यावर जातो तो माल हा नाही!"

बबनराव ताडकन उठले. "याची तब्येत बरी नाही, मॅडम. सकाळपासून काहीबाही बोलून राह्यला."

"तब्येत सहा वर्षं बरी नव्हती, बबनराव. आज बरी आहे!"

असं म्हणून त्याने सुखीबाईचा डबा मॅडमसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. काही राखून ठेवलं नाही, स्वतःच्या सह्यासुद्धा नाहीत. मॅडम त्या उघड्या खड्यांकडे बघत राहिल्या. चहा निवून गेला.

"खरं सांगू?" त्या अखेर म्हणाल्या. "मीही आजवर कधी ट्रकवर चढले नाही. ऊन असतं, घाई असते. ट्रे हातात मिळायचा, मी घेऊन जायचे."

त्या उठल्या, ओढणी कमरेला खोचली आणि टिप्परच्या चाकावर पाय देऊन वर चढल्या. नमुना त्यांनी स्वतः भरला. दुसऱ्या दिवशी पाण्यातून निघाला तेव्हा त्याचे निम्मे खडे उघडे होते. तांड्याचा झालेला रस्ता खरवडून पुन्हा करण्याचा हुकूम निघाला आणि शेडमधली ताडपत्री उतरली.

संघदीपला अर्थात 'उद्यापासून येऊ नको' असा निरोप मिळाला. खरं बोलणाऱ्याला हारतुरे मिळतात अशी भाबडी समजूत तुम्ही करून घेऊ नये. तीन महिने तो घरी होता. मग उमरखेडकडे एका लहान प्रयोगशाळेत, कमी पगारावर, लागला.

इकडे तांड्यावर निराळाच प्रकार सुरू झाला. सुखीबाईच्या टोळीतल्या बाया प्रत्येक टिप्परमधून मूठभर माल काढून डब्यात टाकू लागल्या. शाळेच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली आणि खुशी खडूने प्रत्येकापुढे गाडीचा नंबर लिहू लागली. एकदा बबनराव स्वतः आले. रांगेवरून फिरले, वाकून दोन डबे हुंगले.

"बाई, आता तरी हे डबे उचला. दर गाडीत औषध पडून राह्यलं."

"पाऊस होऊ द्या, मंग उचलतो," सुखीबाई म्हणाली.

पाऊस झाला आणि चांगला झाला. रस्ता जागचा हलला नाही. दिवाळीनंतर तांड्यावर एसटी आली आणि पुढच्या जूनपासून खुशी नववीच्या वर्गात बसते.

संघदीपच्या नव्या नोंदवहीत 'नमुना कोठून घेतला' असा एक रकाना आहे. पूर्वी तो रकाना सगळेच रिकामा सोडत. संघदीप त्यात आता गाडीचा नंबर, जागा आणि वेळ लिहितो, आणि ते लिहिल्याशिवाय सही करत नाही.

वाचकहो, औषध शोधणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. ते ड्रममधून बाहेर काढणं हे तुमचं-माझं काम आहे. आपल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात तपासणीच्या दिवसापुरतं वेगळं काढून ठेवलेलं काय काय आहे, ते प्रत्येकाने एकदा धीर करून पाहावं. जे तपासणीला दाखवतो तेच रोज वापरावं, आणि जे रोज वापरतो तेच तपासणीला द्यावं. प्रामाणिकपणाची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही. साहेबांची गाडी रस्त्यावरून कधीतरी एकदा जाते. आपली पोरं त्यावरून रोज जातात.