मी तुओवीचा श्वास चालवतो

मी तुओवीच्या डोक्याच्या तळघरातून बोलतोय. मेंदूचा देठ जिथे मानेत उतरतो, तिथे काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो मी. डॉक्टरांनी मला एक लांबलचक नाव दिलंय, पण ते तुओवीला माहीत नाही. तिला तर मी आहे हेच माहीत नाही.

माझं काम एकच, तिला श्वास घ्यायला लावणं. आमच्यात मुकादम कोणी नाही. एक पेशी पुटपुटते, तिचं ऐकून शेजारची पुटपुटते, कुजबुज वाढत जाते आणि मग सगळ्या एकदम ओरडतात, "ओढ!" छाती फुगते. आम्ही दमून गप्प होतो आणि हवा आपली आपण बाहेर पडते. मी जन्माचा भित्रा. दर वेळी वाटतं, आता कोणी पुटपुटलंच नाही तर? आजवर कोणी ना कोणी पुटपुटलंय म्हणून निभावलं.

सुरुवात केली ती आईच्या पोटात, हवेचा पत्ता नसताना. नुसता सराव. ती जन्मली आणि पहिली खरी हवा ओढली, तेव्हा जी रड उठली ती माझीच करणी. तेव्हापासून सुट्टी नाही. वरच्या मजल्यावरचे शहाणे मात्र येता जाता लुडबुड करतात. चर्चच्या गायनात सूर लांबवायचा, थांब. कॉफीवर फुंकर मारायची, थांब. उत्तरेकडच्या या थंड देशातल्या बायकांची आणखी एक खोड म्हणजे 'हो' म्हणायचं तेही श्वास आत ओढता ओढता. शेजारीण तासभर बोलत बसली की माझा ठेका पार विसकटून जातो. मी सांभाळून घेतो, कारण थांबवलं तरी शेवटी माझंच चालतं, अशी माझी समजूत होती.

ती समजूत कशावर होती, तेही सांगतो. माझ्या शेजारी काही पेशी सतत रक्त चाखत बसतात. वापरून झालेला वायू, तोच तो कार्बन डायऑक्साइड, रक्तात साठला की त्या कालवा करतात. तो कालवा असह्य झाला की मी वरच्यांचा हुकूम मोडून श्वास ओढतो. मानेतल्या धमनीपाशी प्राणवायूवर नजर ठेवणारा एक पहारेकरीही आहे. पण तो उशिरा जागा होतो, आणि एकट्याचं कोण ऐकतंय!

आता युहान्नुसची गोष्ट. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, मावळायचं नावच न घेणाऱ्या उजेडात, तळ्याकाठी लाकडं रचून मोठी शेकोटी पेटवतात, तो सण. तुओवी आणि तिची थोरली बहीण इर्मेली यांच्या घरी ती कोणी पेटवायची याची शर्यत असते. सॉना, म्हणजे लाकडी खोलीतली गरम वाफेची आंघोळ, झाली की तळ्याच्या धक्क्यावरून बुडी मारायची आणि पाण्याखालून, गवताच्या पट्ट्यापलीकडच्या खडकाच्या दिशेने जायचं. जी जास्त लांब जाऊन वर निघेल, तिच्या हाती काड्यापेटी. नियम वडिलांचा. बुडी मारलेल्याला हाक मारायची नाही आणि मागे उतरायचं नाही. कोणी उतरलं तर ती बुडी बाद.

साठी उलटली तरी तुओवीने शेकोटी कधी पेटवली नव्हती. एकदा ती पुढे जात होती, तर घाबरून इर्मेली मागे उतरली आणि बुडी बाद झाली. त्यावर तुओवी नाताळपर्यंत बहिणीशी बोलली नाही. इर्मेलीचे गुडघे गेले, म्हणून यंदा तळ्याकाठचं ते घर विकायचं ठरलेलं. म्हणजे ही शेवटची संधी.

इर्मेलीची बुडी झाली. केस पिळत ती म्हणाली, "जा बाई आता. खडक यंदा तरी दिसणार का, की नेहमीप्रमाणे गवतातूनच परत?"

"तू टॉवेल गुंडाळ. म्हातारपणी गारठशील."

"म्हातारी कोण गं? दोन वर्षांनी मोठी आहे फक्त!"

इर्मेलीचा नवरा कालेर्वो बाजूच्या चुलीवर सॉसेज भाजत होता. तो म्हणाला, "सावकाश भांडा. तोवर हे जळून कोळसा होतंय."

तुओवी सॉनाच्या खोलीमागे गेली आणि भराभरा, खोल खोल श्वास घेऊ लागली. असं केलं की छातीत हवेचा साठा होतो, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. अगं वेडे, प्राणवायू आधीच काठोकाठ होता! त्याने काही साठलं नाही. उलट, जो वायू साठला की माझ्या रक्त चाखणाऱ्या शेजारणी कालवा करतात, तोच तिने उपसून टाकला. धोका ओळखायची माझी घंटाच तिने काढून ठेवली.

तिने उडी मारली. वरून हुकूम आला, थांब. मी थांबलो. दरवर्षी गवत लागेपर्यंत शेजारणी माझा जीव खातात आणि मी तिला वर काढतो. यंदा गवत गेलं तरी सगळीकडे शांतता. ती खूश होती. इतकी शांतता बरी नव्हे, हे मला कळत होतं, पण सांगू कोणाला?

आणि वरचा मजला अंधारला. तिची शुद्ध हरपली. 'थांब' म्हणणारंच कोणी उरलं नाही. आता सगळं माझ्यावर, आणि मला तर एकच येतं, ओढायला. बाहेर हवा आहे की पाणी, हे मला कुठे दिसतंय? कुजबुज सुरू झाली. मी तिला बुडवणार होतो! गळ्याचं दार आपोआप मिटलं, म्हणून पहिला घोट आत गेला नाही. पण मग माझाही प्राणवायू सरला. एकेक पेशी मुकी झाली. त्यापुढचं मी नंतर कालेर्वोच्या तोंडून ऐकलं.

इर्मेली धक्क्यावर पाण्याकडे बघत उभी होती. "पाय हलत नाहीयेत तिचे."

"मागच्या वेळी उतरलीस, तर काय झालं आठवतंय ना?" कालेर्वो म्हणाला.

तिला आठवत होतं, म्हणून ती थांबली. किती थांबली ते ती कोणालाच सांगत नाही. मग "खड्ड्यात गेला तो नियम!" म्हणून टॉवेलसकट तिने उडी मारली, आणि केसांना धरून बहिणीला काठावर ओढलं.

कालेर्वो रुग्णवाहिका बोलवत होता. इर्मेलीने तुओवीच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं. इर्मेलीने चाटलेला चमचा लहानपणी तुओवी तोंडात घालायची नाही. आज तिच्याच उष्ट्या हवेवर आम्ही जगलो. तिच्या फुंकरीमागून फुंकर येत राहिली, आणि कधीतरी माझ्यातली एक पेशी पुटपुटली. दुसरीने ऐकलं.

तुओवी खोकली, ओकली, डोळे उघडून म्हणाली, "तू... मागे उतरलीस. बुडी बाद झाली."

"झाली बाद! आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी," इर्मेली रडत ओरडली, "पण श्वास घे, मेले, श्वास घे!"

शेकोटी कोणीच पेटवली नाही.

आता दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. तुओवी दवाखान्यात झोपलीय आणि इर्मेली खुर्चीत बसून पांघरूण वरखाली होताना बघतेय. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. मला गाण्यासाठी रोखा, रागाने कोंडा, मी सोसेन. पण मला फसवू नका. मी आंधळा आहे, सांगाल ते खरं मानतो.

फुप्फुसातले मिटलेले कोपरे उघडायला मी मधूनच एक दुप्पट श्वास घेतो. तुम्ही त्याला उसासा म्हणता. त्यानंतर पुढचा श्वास जरा उशिरा येतो. आत्ताही तसंच झालं, आणि इर्मेली ताडकन उठली.

"तुओवी!"

"काय गं?"

"काही नाही. झोप तू."

बाई, तूही जरा डोळा मिट, मी आहे, असं तिला सांगावंसं वाटतं. पण ती बसली आहे तेच मला बरं वाटतंय.