धक्क्यावरची पुराची रेघ

धाकट्या लेकीचं, मॉडचं लग्न झालं त्याच वर्षी नदीच्या धक्क्याची भिंत हातभर उंच करून नव्याने बांधली. लग्नाच्या धांदलीत हॅरल्ड पिकरिंग तिकडे फिरकलाच नव्हता.

नंतरच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तो नेहमीसारखा पाहुण्यांना गाव दाखवायला निघाला. जुना पूल झाला, लोकरीचा बाजार झाला, मग धक्का. भिंतीतल्या, पुराच्या पाण्याची रेघ कोरलेल्या दगडापाशी तो थांबला.

"पाणी या रेघेपर्यंत चढलं होतं. आईला पाठीवर घेऊन मी इथूनच चर्चपर्यंत चालत गेलो."

एका बाईने रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आजोबा, रेघ तुमच्या भुवयांशी आहे. श्वास कुठून घेत होतात?"

सगळे हसले. हॅरल्डने रेघेला हात लावला. पाणी छातीला होतं. होतं ना?

बाजारात बायको चीज विकत होती. "विनी, पाणी छातीला होतं ना गं?"

"मी तेव्हा माहेरी, टेकडीवर. मला काय ठाऊक? म्हातारपणी माणूस खुजा होतो."

"इतका?"

संध्याकाळी त्याने पबमध्ये सिरिल गवंड्याला गाठलं. "तो दगड कुठं बसवलास रे?"

"होता तिथंच. वरून चौथ्या थरात. आम्ही वरूनच मोजतो."

"आणि भिंत उंच केलीत ती?"

सिरिलने ग्लास खाली ठेवला. "आता राहू दे ना, हॅरल्ड. पाहुण्यांना उंच रेघच आवडते."

"माझी आई बुडाली असती त्यात."

"ती कुठं गाऱ्हाणं घेऊन येतेय आता?"

कारण कळलं, तरी मनातला गोंधळ काही जाईना. दगडापुढे उभं राहिलं की आपणच थापा मारतोय असं वाटे. मग दर गुरुवारी तो भिंतीला छाती टेकवून खडूने रेघ ओढू लागला. पाऊस ती धुवून टाकी, तो पुन्हा ओढी.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रेघ नेहमीपेक्षा वीतभर खाली दिसली. विनीने ती स्वतःच्या छातीला धरून ओढली होती.

हॅरल्ड दोनच दिवस आधी, मंगळवारी सकाळी वारला होता.