माझं बटण बंद होतं

मी एक जुना माइक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे. मित्रांनो, पुढचं सांगायची मला लाज वाटते, तरी सांगतो.

मारेगावजवळच्या तांड्यावर बादलचा साउंडचा धंदा आहे. त्याने मला आणलं, तेव्हा माझ्यात पहिल्यांदा गायली ती त्याची आई, नंदाबाई. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना माणसांच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे रडत रडत गाते. जाणती बाई ओळ उचलते, नवरी ती पुढे नेते. नंदाबाईने ओळ उचलली की मांडवातले पुरुष डोळे लपवत उगाच चपला शोधू लागत.

पुढे तिचा गळा थकला. आवाज कापू लागला, दम मधेच तुटू लागला. पोरं म्हणत, "दादीचा सेल उतरला." ती हसायची आणि पदर तोंडाशी घ्यायची.

यंदा उन्हाळ्यात बादलच्या मुलीचं, राखीचं लग्न होतं. यवतमाळचे पाहुणे आले होते. बादल आईला म्हणाला, "याडी, तू नुसते ओठ हलवजो. मोबाइलमधला तुहा जुना आवाज लावतो. पाव्हण्यायले काय समजते?"

"बरं होईन," नंदाबाई खाली बघत म्हणाली. "नाही त हासतीन लोकं."

त्याने माझं बटण बंद करून मला तिच्या हातात दिलं. स्पीकरमधून तो तरणा आवाज घुमला. राखी आजीच्या गळ्यात पडली आणि तशीच थांबली.

"दादी, हे त रंजिता आत्याच्या लग्नातलं हाय. तिचंच नाव येऊन राह्यलं. माह्यं म्हण."

"मले नाही जमत आता."

"मंग मी निघत नाही."

नंदाबाईचा हात खाली आला, त्यात मीही. राखीच्या कानाशी तिने ओळ उचलली. नातीचं नाव घेताना आवाज फाटला, तुटला. तुटला तिथूनच राखीने ओळ पुढे नेली. बादलने मोबाइल बंद केला. ऐकू येईना म्हणून मागचे लोक खुर्च्या सोडून पुढे आले. कुणी हसलं नाही. बादल मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. ती अजून लागणार होती. मग त्याने येऊन माझं बटण सुरू केलं आणि मला आईच्या तोंडापाशी धरलं. तिने गाता गाताच मला बाजूला सारलं.

मित्रांनो, तिने नातीचं नाव घेतलं तेव्हा तो आवाज माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी मुका होतो. तुमच्या घरात कुणाचा गळा थकला असेल, तर त्यांना गायला सांगा. त्याआधी माझं बटण सुरू आहे ना, तेवढं बघा.