मिस लुवेनियाचा जार्व्हिस

जार्व्हिसला इंजिनिअर केलं ते मिस लुवेनियानं, असं अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या त्या कॉलेजात सगळे म्हणायचे. एकटा जार्व्हिस कधी तसं म्हणाला नव्हता. पण ते लुवेनियाच्या कधी ध्यानातच आलं नाही.

लुवेनिया टर्नबो धातुशास्त्र शिकवायची. लग्न झालेलं असलं, तरी तिकडच्या रीतीनं सगळे तिला आदरानं 'मिस' म्हणायचे. ती स्वतः शिकत होती तेव्हा तिच्या वर्गात दुसरी काळी मुलगी नव्हती, काळा मुलगाही नव्हता. प्रयोगशाळेत जोड्या लावायची वेळ आली की ती एकटी उरायची. मग सर तिला कुठल्या तरी जोडीत तिसरी म्हणून ढकलायचे आणि ती दोघं तिच्याकडे पाठ करून काम करायची. हे तिच्या इतकं जिव्हारी लागलं होतं, की नोकरी कायम झाल्याबरोबर तिनं इमारतीखालचं अडगळीचं तळघर मागून घेतलं आणि शनिवारची शाळा सुरू केली.

पश्चिमेकडच्या वस्त्यांतली काळी पोरं चर्चच्या बसनं यायची. यंत्रावर लोखंडाच्या सळ्या ताणून ताणून तोडायची, हसायची, घाबरायची आणि हळूहळू प्रश्न विचारायला लागायची. त्यातली जी पुढं कॉलेजात यायची, त्यांच्या पाठीशी ती वरच्या वर्गातलं कुणीतरी उभं करायची. मंगळवारी संध्याकाळी सगळी तळघरात जमायची. अभ्यास व्हायचा, तळलेली कोंबडी फस्त व्हायची आणि आठवडाभर वर्गात मुकाट गिळलेलं सगळं तिथं बाहेर पडायचं.

जार्व्हिस आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला, बापाचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी सळी कडाडकन तुटल्यावर बाकीची पोरं ओरडली. हा जवळ गेला, तुटलेल्या टोकावरून बोट फिरवत म्हणाला, "ही इथंच का तुटली? अलीकडे का नाही?"

लुवेनिया त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "एलिस, आज मला एक पोरगा सापडला."

तिनं त्याला खरंच पोटच्या पोरासारखं जपलं. गणितं घेतली, प्रवेशाच्या मुलाखतीला एलिसचा कोट आखूड करून दिला. दुसऱ्या वर्षी उष्मागतिकीच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले आणि प्राध्यापकानं कॉपीचा आळ घेतला. इतकं स्वच्छ उत्तर या मुलाचं स्वतःचं असणं शक्य नाही, असं त्यानं चौकशी समितीपुढं तोंड वर करून सांगितलं. लुवेनिया ताडकन उठली.

"इथं फळा आहे ना? मग घाला त्याला तुम्हाला हवं ते गणित. आत्ता, तुमच्यासमोर सोडवेल."

जार्व्हिस उठला. खडू घेतला. गणित सोडवलं. प्राध्यापकानं फळ्याकडे पाहिलं, "ठीक आहे," म्हणाला आणि बॅग उचलून चालता झाला. माफीचा शब्द नाही. त्या दुपारी लुवेनियानं त्याला घरी नेऊन मासा आणि मक्याचा पाव वाढला. तो काहीच जेवला नाही. थकला असेल, असं तिला वाटलं. पुढं दरवर्षी ती नव्या पोरांना ही गोष्ट रंगवून सांगायची आणि पोरं टाळ्या वाजवायची.

जार्व्हिस मोठा झाला. लोखंडी पाइप ओतणाऱ्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर चढला, डोंगरापलीकडच्या गोऱ्या वस्तीत घर बांधलं, कॉलेजच्या सल्लागार मंडळावरही गेला. मग राज्यात वारं फिरलं. एका रंगाच्या मुलांसाठी म्हणून काही चालवायचं नाही, असा सूर सगळीकडे लागला. डीननं तळघराचा विषय मंडळापुढं ठेवला.

लुवेनिया निर्धास्त होती. तिनं जार्व्हिसला फोन केला.

"तू फक्त उभा राहून काय घडलं ते सांग. बाकी काही नको."

"बघतो, मिस लुवेनिया."

बैठकीत आधी झेनोबिया बोलली. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. "वर्गात माझ्या शेजारची खुर्ची शेवटी भरते," ती म्हणाली. "मंगळवारी तळघरात मला खुर्ची शोधावी लागते, इतकी गर्दी असते. मला एवढंच सांगायचंय."

मग जार्व्हिस उठला. मिस लुवेनियांचे उपकार वगैरे म्हणाला. आणि त्याच संथ आवाजात पुढं म्हणाला, की आता काळ बदललाय, वेगळी खोली नको, सगळ्यांसाठी मिळून एकच मदत केंद्र करावं. मंडळानं मान डोलावली. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं? एका काळ्या माणसानंच सांगितल्यावर त्यांचे हात मोकळे झाले.

लुवेनियानं त्याला बाहेर गाडीपाशी गाठलं.

"जार्व्हिस! अरे, तू? तूच?"

"मिस लुवेनिया, इथं नको."

"इथंच! त्या खोलीनं तुला माणसांत आणलं रे."

"मी आधीपण माणसांतच होतो," तो म्हणाला. "कारखान्यात पहिल्या दिवशी साहेबानं काय विचारलं, ठाऊक आहे? 'तू त्या तळघरवाल्यांपैकी का?' अजून विचारतात. मी काहीही करून दाखवलं तरी त्यांना ते तळघरच दिसतं."

"हा त्यांचा दोष आहे, खोलीचा नाही."

"आणि तो फळा?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही मला विचारलंत तरी का? एकोणीस वर्षांचा होतो मी. सर्कशीतल्या माकडासारखं त्या लोकांपुढं उभं केलंत. खोटं तो बोलला आणि परीक्षा मी दिली, पुन्हा एकदा! वर तुम्ही ती गोष्ट दरवर्षी सांगता. लोक टाळ्या वाजवतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. आणि ते खरं असूनही त्यानं आज जे केलं, ते चूकच होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं सांगायचं, ते तिला सुचेना.

"मग माझ्यावर राग काढायचास," ती शेवटी म्हणाली. "त्या पोरीवर कशाला काढलास?"

तो गाडीत बसला आणि निघून गेला.

उन्हाळ्यात तळघर रिकामं झालं. नव्या केंद्रात लुवेनियाला दुसऱ्या मजल्यावर, डीनच्या ऑफिसला लागून, काचेच्या भिंतीआड एक टेबल मिळालं. पोरं येतील, या आशेनं तिनं ते घेतलं. काळी पोरं जिन्यापर्यंत यायची, काच पाहायची आणि वळायची. शनिवारची बस बंदच झाली. कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकावर मात्र जार्व्हिसचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'स्वतःच्या बळावर'.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुमारास झेनोबिया आली, ती उभ्याउभ्याच बोलली.

"मी इलेक्ट्रिकल सोडतेय. कॉमर्सला जाते."

"अगं, मार्क तर चांगले आहेत तुझे!"

"मार्कांचं नाही हो. दमले मी, मिस लुवेनिया. दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही. आधी निदान मंगळवार होता."

लुवेनियानं तिला घरी बोलावलं, विनवलं, शेवटी रागावली. झेनोबियानं तिला मिठी मारली आणि गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जार्व्हिसचा फोन आला. लुवेनिया स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. बराच वेळ तो हवापाण्याचंच बोलला. मग म्हणाला, "माझी मुलगी, कॅलिस्टा. तिला विमानांचं फार वेड आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वरचं गणित तिला झेपणार नाही, घेऊच नका. वर्गात एकटीच आहे ना ती... तुम्ही जरा बोलाल तिच्याशी? शनिवारी आणतो घरी."

लुवेनियाला झेनोबिया आठवली. "मला आता खोली नाही," ती म्हणाली.

"खोली कशाला लागते? तुम्ही असलात की—"

"सगळ्यांसाठी केंद्र आहे ना, तिकडे ने." आणि तिनं फोन ठेवला.

एलिसनं सगळं ऐकलं होतं. "लू, त्या लेकराचा काय गुन्हा?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं शिकायला येणाऱ्या काळ्या पोराला दारातून परत पाठवलं होतं. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं नाही.

काही आठवडे तिनं कळ काढली. मग राहवेना, तेव्हा फोन केला. जार्व्हिसच्या बायकोनं उचलला. अगदी गोड बोलली.

"कॅलिस्टा ना? तिनं नाटकाचा वर्ग घेतला. गणितानं डोकंच दुखायचं तिचं. आता मजेत आहे. काही निरोप देऊ का जार्व्हिसना?"

"नको," लुवेनिया म्हणाली. "काही नाही. सहज केला होता."