अर्धा इंच

सुनेला विचारायची सवयच नव्हती. पडदे बदलले, विचारलं नाही. कपाट हलवलं, विचारलं नाही. आणि आता तीन महिने लेकीकडे राहून बाई घरी परतल्या, तर शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा पायडलसकट गायब! मशीन एका लाकडी टेबलावर चढवलेलं, कडेला मुठीएवढी मोटर.

"आई, आता नुसतं बटण दाबायचं," शाबासकीची वाट बघत सून म्हणाली.

"पायडल कुठाय?"

"भंगारात दिलं, मागच्या महिन्यात. तुमच्या पायाला आता त्रास नको."

बाई टेबलापुढच्या खुर्चीत बसल्या.

नवरा गेल्यावर त्या पायडलवरच त्यांनी दोन पोरं वाढवली होती. मांडीवर पोर निजलेलं, खाली पाय चाललेले. पाय थांबले की पोर जागं.

मग खुबा झिजला. ऑपरेशन करून नवा सांधा बसवला, दुखणं पळालं, पण उजवा पाय अर्धा इंच लांब झाला.

"आजी, एवढं चालतं," डॉक्टर म्हणाले. "डाव्या चपलेत जाड टाच घाला."

"तुम्हाला चालतं. एक बाही अर्धा इंच लांब राहिली, तर गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकतं माझ्या!"

चालताना टाचेवर भागायचं. पायडलवर मात्र अनवाणी बसलं की उजवा गुडघा पुढे यायचा, लय चुकायची, चाक उलटं फिरून दोरा तुटायचा. वर्षभर त्यांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला.

"पुन्हा उघडून आखूड मापाचा गोळा बसवता येईल," शेवटी ते म्हणाले. "पण सांधा सैल पडून निखळू शकतो. कशाला ही जोखीम?"

"चुकलेली शिवण उसवायची, तर कापडाला भिऊन कसं चालेल? उसवा."

घरच्यांना वाटलं, म्हातारीला सरळ चालायचंय. बाईंनीही वाटू दिलं. पायडलसाठी मांडी चिरून घेतेय म्हटलं असतं, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचे तीन महिने लेकीकडे गेले. कालच डॉक्टरांनी दोन्ही टाचा जुळवून दाखवल्या होत्या. "मारा आता पायडल," म्हणाले होते.

टेबलाखाली बाईंची पावलं शेजारी शेजारी टेकली होती, अगदी एका मापाची. बघता बघता ती हलू लागली. टाच, चवडा. टाच, चवडा. खाली नुसती गार फरशी.

सुनेचं तिकडे लक्ष गेलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई... मी आत्ता जाते भंगारवाल्याकडे."

"वितळलं असेल एव्हाना. बस." बाईंनी पाय मागे ओढून घेतले. "मन सोन्याचं आहे तुझं, नाही म्हणत नाही मी. पण माप न घेता कात्री चालवतेस. जीव लावून कापलंस म्हणून काय झालं? कापलेलं ते कापलंच."