दुपारी टाकलेला स्लॅब

स्लॅबच्या कामात मिस्त्रीचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त ठाऊक होती ती खुद्द मिस्त्रीला. उन्हाळ्यात काँक्रीट टाकायचं तर पहाटे पाचला सुरू करून नऊच्या आत हात धुवायचे, हा त्याचाच नियम. पण त्या दिवशी नेमका मिक्सरचा पट्टा तुटला. नवा बसेपर्यंत साडेदहा वाजले. इंजिनीअरबाई दुसऱ्या साइटवर होत्या. फोनवर म्हणाल्या, "आज राहू द्या ना मिस्त्री. उद्या पहाटे टाकू."

राहू द्या म्हणे! दहा माणसं घमेली घेऊन उभी, आणि ही कालची पोर सांगणार! "मॅडम, तीस वर्षं झाली या कामात. माझ्यावर सोडा," मिस्त्री म्हणाला.

"बरं, तुमच्या शब्दावर सोडते. पण काँक्रीटच्या मालात पाणी वाढवायचं नाही. घट्ट व्हायला लागला तर काम तिथेच थांबवा."

बारा वाजता सळ्यांना हात लावायची सोय उरली नाही. माल मिक्सरमधून निघून वर पोचेपर्यंत घमेल्यातच आळायला लागला. पसरता पसरेना. अजून निम्मा स्लॅब बाकी होता, आणि काम अर्धवट सोडलं तर इंजिनीअरबाई म्हणणार, बघा, मी सांगत होते. मिस्त्रीने पाण्याचा पाइप उचलला आणि सरळ मिक्सरमध्ये सोडला. मिक्सरवाल्याने तोंड फिरवून घेतलं.

घमेलं भरायला वहिनी आल्या होत्या. मिस्त्रीच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, पण मिस्त्रीच्या हातात थापी यायच्या आधीपासून त्या स्लॅबवर राबत होत्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, पाणी नका ना वाढवू. माल तापलाय. इथेच थांबवा, उरलेलं उद्या जोडून घेऊ."

"वहिनी, घमेलं उचलायचं काम तुमचं. डोकं चालवायचं माझं!"

माणसं खो खो हसली. वहिनींनी घमेलं डोक्यावर घेतलं. माल ताकासारखा धावला आणि दोनच्या आत स्लॅब पुरा झाला. मग स्लॅब वाळून तडकू नये म्हणून वहिनींनी नेहमीप्रमाणे ओली पोती अंथरली आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्यावर पाणी मारत राहिल्या.

सकाळी इंजिनीअरबाईंनी एकेक पोतं उचललं. स्लॅबभर भेगांचं जाळं पसरलं होतं.

"पाणी मारायचं काम कुणाकडे होतं?"

आता खरं सांगायचं की नाही? मिस्त्रीचं तोंड उघडलं ते असं, "वहिनींकडे होतं."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणून तर ते खोट्याहून वाईट. सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनींनी मिस्त्रीकडे पाहिलं, क्षणभरच, आणि म्हणाल्या, "हो, माझ्याकडेच होतं."

"मग नीट मारलं नाहीत तुम्ही. मिस्त्री, उद्यापासून या कामाला दुसरं माणूस बघा. भेगा वरवरच्या दिसताहेत, सिमेंटचं पाणी ओतून भरून घ्या." वहिनींनी डबा उचलला आणि त्या शिडी उतरल्या. मिस्त्रीने सिमेंटची गोणी फोडायला घेतली. भेगा भरतील, पण वाढलेल्या पाण्याने आतला स्लॅब कच्चा तो कच्चाच, हे तिथे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

वहिनींचं नि त्याचं घर एकच, चुली दोन. संध्याकाळी बायकोने विचारलं, "वहिनींना कामावरून काढलं म्हणे? काय झालं?" "काही नाही," म्हणून त्याने ताट सरकवलं. लाजेने अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. दोनदा वहिनींच्या दारापर्यंत गेला. दाराला बाहेरून कडी होती. कुठे गेल्या कोण जाणे.

सकाळी मात्र सगळं सांगून टाकायचं ठरवूनच तो साइटवर गेला. बघतो तर काय, स्लॅबवर घण चालू!

"पाडायला घेतलाय," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "काल वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, मिस्त्री जेवायला गेल्यावर मालात पाइप मीच सोडला. खरं सांगू? पाणी वाढवलंय एवढंच कळलं असतं, तर मला तुमचाच संशय आला असता."

सुटला होता मिस्त्री. गप्प बसला असता तर कायमचा सुटला असता.

"मॅडम, पाइप माझ्या हातात होता. वहिनी मला नको म्हणत होत्या."

घण थांबले. बाईंनी एवढंच विचारलं, "मग काल का नाही बोललात?" त्याने एकाच्या हातातला घण घेतला आणि दुपारपर्यंत स्वतःच स्लॅब फोडत राहिला.

घरी आला तेव्हा वहिनी अंगणात कपडे पिळत होत्या.

"वहिनी, सांगितलं मी. सगळ्यांसमोर."

"बरं केलंत."

"पण माझ्यासाठी तुम्ही अंगावर कशाला घेतलंत?"

"तुमच्यासाठी नाही हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्या स्लॅबखाली उद्या कुणाची तरी लेकरं झोपणार. तो पाडायलाच हवा होता, आणि तुम्ही बोलाल असं काही मला वाटलं नाही."

रागाने म्हणाल्या असत्या तर मिस्त्रीने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, आणि पुढचं लुगडं पिळायला घेतलं.